एकास एक

सासऱ्यांच्या कपाटात सोनंनाणं निघालं नाही.
निघाली एक लांबट वही,
मांडवीच्या चोपडेवाल्याकडची, लाल कापडी पुठ्ठ्याची,
आणि तिच्यात सत्तेचाळीस वर्षं
केनियाचा शिलिंग, समोर युगांडाचा शिलिंग.
ना दूधवाला, ना धोबी.

मी सहकारी बँकेत रोखपाल,
आकड्यांना सहसा बधत नाही.
ही वही मात्र दोन रात्री
ओट्याशी उभी राहून वाचली.

पहिलं पान: बहात्तर, नोव्हेंबर. एकास एक.
खाली बारीक अक्षरात: सरकारी. बाजारात निराळा.
पुढे त्या निराळ्याचाच रकाना.
दीड. दोन. मग काही महिने नुसती रेघ,
किसुमूहून पत्र नसेल आलेलं.
सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात शाई फुटलेली:
दोन शून्यं कापली. शंभराचा एक केला.
कापलेली शून्यं कुठे टाकतात
ह्याची नोंद नाही.

मग अठरा, बावीस, अठ्ठावीस,
पत्रांनंतर वर्तमानपत्रातून,
वर्तमानपत्रानंतर नातवाच्या फोनवरून.
सासूबाई म्हणायच्या, लोक सकाळी
सूरसागरला फेरी मारून येतात,
आमचे हे आफ्रिकेला.
आणि चहा पुन्हा गरम करायच्या.

ह्या घराला भाव नवा नव्हता.
त्यांचे आजोबा संस्थानच्या खजिन्यात पारखी.
बाबाशाही रुपया कलदारासमोर
कसा दर साली थोडा थोडा वाकला,
ते दांडिया बाजारच्या ह्याच ओटीवर
जेवणानंतर सांगितलं जायचं,
घरातल्याच कुणाच्या आजारासारखं.

शेवटच्या पानाआड चिठ्ठी होती.
ओटिएनो, रेल्वे, किसुमू.
घेतले शिलिंग दोनशे चाळीस, सन पासष्ट,
हिच्या बाळंतपणाला.
फेडायला गेलो तर हसला,
म्हणाला, मुलीच्या लग्नात दे.

पासष्टला तिन्ही देशांची नोट एकच होती,
नोटेवर तळं, तळ्यात शिडाची होडी.
मग नोटा वेगळ्या झाल्या.
मग जिंजा सुटलं.
मुलीचं लग्न इथे झालं, खारीवाव रोडवर,
आणि परदेशी पैसा पाठवायचा
तर दहा अर्ज.
ओटिएनो पत्रात भाव कळवायचा, पाऊस कळवायचा,
दोनशे चाळीसबद्दल
दोघांपैकी कुणीही अवाक्षर नाही.
एक्क्याण्णवनंतर पत्रं नाहीत.

काउंटरवर अकिन्यी येते,
फतेगंजला खोली घेऊन फार्मसी शिकते, किसुमूची.
मी तिला विचारलं,
दोनशे चाळीस शिलिंगांचे आज किती?
ती म्हणाली, कुठले शिलिंग?

हाच तर प्रश्न होता.
केनियाचे धरले, तर तळ्याकाठच्या खानावळीत
एक तळलेला मासा, उगाली, तोही छोटा.
युगांडाचे धरले, तर काड्यापेटी बघावी लागेल.
आणि ती दोन शून्यं आठवली,
तर दोन शिलिंग चाळीस सेंट,
ते ठेवायला खिसासुद्धा नको.

तळ्याचे, मी म्हटलं. होडीवाले.
ती हसली, मग हसू अर्ध्यावर ठेवून
वही स्वतःकडे फिरवून घेतली.
देवनागरी आकडे तिला येतात,
बसचे नंबर वाचून शिकली.
बोट रकान्यावरून खाली उतरत गेलं.
ओटिएनो म्हणजे रात्री जन्मलेला, ती म्हणाली,
आमच्याकडे अर्धं गाव.
कुणाला देणार?

मला सुचलं नाही.
तिने फोन काढला, आजचा भाव वाचून दाखवला.
माझं पेन हातात होतं,
समोर रिकामी ओळ होती.
तारीख घातली. आकडा घातला.
शेजारच्या रकान्यात,
सरकारी की बाजारातला,
ते लिहायचं राहिलं,
कारण काचेवर कुणी नाणं वाजवलं,
बेन, टोकन एकतीस.